पहिलं दीड मिनिट

कोलकात्याची थंडी आधी कानांना कळते. कालीपूजा उलटली की घराघरांतले पंखे एकेक करून थांबतात आणि वर्षभर त्यांच्या घरघरीखाली दबलेले आवाज वर येतात. दुपारच्या गल्लीतून धुनुरी जातो. आपल्याकडचा पिंजारी तो हा. खांद्यावरच्या धनुकलीच्या तारेवर तो नुसतं बोट मारतो आणि त्या टणत्कारानं माळ्यावरच्या रजया जाग्या होतात. मग नोलेन गूळवाल्याची हाक. आमच्या घरापुरता या यादीत आणखी एक आवाज होता. सकाळी गाडीची किल्ली फिरवली की इंजिनाच्या आवाजावर वरच्या पट्टीतला एक वेगळाच घूंऽऽ सुरू व्हायचा. भिंतीपलीकडे कुणी मिक्सरमध्ये चटणी वाटत असावं तसा. मिनिट-दीड मिनिट चालायचा आणि कुणीतरी बटण बंद करावं तसा गप्प व्हायचा. उन्हाळ्यात तो जवळपास नसायचाच. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. नंतर तो मला थंडीचाच वाटू लागला, गुळासारखा.

गेल्या हिवाळ्यात धुनुरी आला, गूळ आला, तो आवाज आला नाही.

नसलेला आवाज पटकन ऐकू येत नाही. आठवडाभर मला नुसतं चुकल्यासारखं होत होतं, घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटत राहतं ना, तसं. आधी कळलं ते समोरच्या माशिमांना. त्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सकाळी साडेसहापासून बसलेल्या असतात. अंगावर शाल, डोक्याला कानाखाली बंद बांधलेली माकडटोपी, हातात वर्तमानपत्र. बाहेर सतरा अंश असतात आणि माशिमा दार्जिलिंगला निघाल्यासारख्या दिसतात. बंगाली माणूस कशाला भीत नाही, थंडी बाधण्याला भितो. तर त्या सकाळी त्यांनी पेपर नाकाशी धरला आणि वरूनच म्हणाल्या, "की गोंधो रे बाबा!" केवढा हा वास! मी ओशाळून हसले आणि गाडी पुढे काढली. कोपऱ्यावर वळताना पाहिलं, तर समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता.

पीयूसीची मुदत संपायला तीन आठवडे होते.

पीयूसी हा शब्द इथे फारसा चालत नाही. इथे त्याला नुसतं 'पल्युशन' म्हणतात. 'पल्युशन करवून घेतलं का?', 'माझं पल्युशन पुढच्या महिन्यात संपतंय.' पांढऱ्या गणवेशातला सार्जंट गाडी बाजूला घ्यायला लावतो, काचेशी वाकतो आणि विचारतो, "पल्युशन आछे?" सभ्य नागरिकानं यावर मान उंच करून 'आहे' म्हणायचं असतं. 'नाही' म्हणणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड आहे. मी २००६ साली या शहरात आले तेव्हा मला हे फार विनोदी वाटायचं, कारण तेव्हा ते खरंच सगळ्यांकडे होतं. टू-स्ट्रोक रिक्षा 'काटा तेला'वर चालत. म्हणजे रॉकेल, नाफ्था आणि देव जाणे काय काय कालवलेलं पेट्रोल. हाजरा मोडला उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. पुढे उच्च न्यायालयानं २००८ साली हुकूम काढला, जुन्या बस-टॅक्स्या आणि रिक्षा हटवायच्या. ३१ जुलै २००९ ही शेवटची तारीख ठरली. त्यानंतरच्या हिरव्या-पिवळ्या रिक्षा गॅसवर आल्या. रस्त्यावरचा धूर दिसेनासा झाला. दिसेनासा झाला एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

तर तो आवाज. तो कसला होता हे मला आमच्या मेकॅनिकनं, मिस्त्रीदांनी सांगितलं, पण खरं समजलं ते आजीच्या शेगडीमुळे.

सोलापूरला आमची आजी सकाळी कोळशाची शेगडी अंगणात पेटवायची. खाली चिपाड, वर गोवरीचा तुकडा, त्यावर कोळसे. पहिला धूर पांढरा, दाट, गिळगिळीत. तो डोळ्यांत गेला की दिवसभर जायचा नाही. आजी वाकून फुंकणीनं फुंकत राहायची, आणि एका क्षणी भप्प करून ज्योत उठायची. धूर त्या ज्योतीत जळूनच जायचा. मग निखारे फुलले की शेगडी दोन चिंध्यांनी धरून आत. आत कधी धूर नसायचा. आजीचं स्वयंपाकघर स्वच्छ होतं, कारण तिची सकाळ अंगणात जळून गेलेली असायची. कोलकात्यात आल्यावर जुन्या पाड्यांमधून हेच दिसलं. फुटपाथवर धुमसत ठेवलेला उनुन, बाजूला पुठ्ठ्यानं वारा घालणारं पोर, आणि धूर निवला की उनुन उचलून आत. या शहरात धुराविरुद्ध कायदा १९०५ सालीच झाला होता. मुंबईला तसा कायदा यायला १९१२ उजाडलं. पण तो कायदा होता कारखान्यांच्या धुराड्यांसाठी. फुटपाथवरच्या उनुनाचा पहिला पाव तास कुणाच्याच वहीत नव्हता.

गाडीचंही तेच आहे. रात्रभर गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची धड वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त पाजावं लागतं. जास्तीचं पेट्रोल अर्धकच्चं जळतं आणि तसंच बाहेर पडतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुढे बसलेला असतो खरा, पण तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला हात लावत नाही. साहेबाला आधी चहा लागतो. एकदा तापला की असा राबतो की नळीतून जवळजवळ काहीच वाईट बाहेर येत नाही. म्हणजे गाडीच्या एका फेरीतली बरीचशी घाण त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत गोळा झालेली असते. त्यावर काढलेला उपाय म्हणजे आजीची फुंकणी. एक छोटा विजेचा पंप. गार इंजिन सुरू झालं की तो बाहेरची ताजी हवा घेऊन थेट एक्झॉस्टच्या तोंडाशी फुंकतो. अर्धकच्च्या धुराला प्राणवायू मिळतो, तो तिथेच भडकून जळतो, आणि त्या आचेनं पुढचा कन्व्हर्टरही लवकर तापतो. मग पंप बंद. पुस्तकी नाव 'सेकंडरी एअर इंजेक्शन'. मिस्त्रीदा म्हणतात, 'हावा पंप'.

मिस्त्रीदांचं गॅरेज म्हणजे भवानीपूरच्या एका गल्लीतला अर्धा गाळा आणि त्यापुढचा सार्वजनिक रस्ता. भिंतीवर कालीमातेचं कॅलेंडर. त्याशेजारी पान्यांच्या आकाराच्या काळ्या सावल्या रंगवलेल्या, कुठला पाना कुठे टांगायचा ते कळावं म्हणून. पाने मात्र सगळे जमिनीवर. ऋत्विक घटकांच्या १९५८ सालच्या 'अजांत्रिक'मधला बिमल आपल्या मोडक्या शेव्हर्लेटशी, त्या जगद्दलशी, माणसासारखा बोलतो. मिस्त्रीदांनी तो सिनेमा पाहिलाय की नाही मी विचारलं नाही. पण ते गाडीशी बोलत नाहीत, गाडीबद्दल तिच्यासमोर बोलायचं टाळतात. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बौदी, गाडीर ठांडा लेगे गेछे." गाडीला थंडी बाधलीय.

मग त्यांनी तळहाताएवढं यंत्र जोडलं आणि आकडा वाचला : पी ०४११. हवेचा प्रवाह चुकीचा. त्यांनी तो खडूचा तुकडा पाहावा तसा पाहिला. "हा काय सांगतो? हवा पोचत नाही एवढंच. का, ते थोडंच सांगतो!" मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, "काल सकाले."

उद्या सकाळी. कारण हा आजार फक्त सकाळी दिसतो. इंजिन एकदा तापलं की पंप चालायचाच नाही, म्हणजे तो बिघडलाय की नुसता गप्प आहे हे कळायला मार्ग नाही. गाडी रात्रभर गार झाली पाहिजे, आणि मग दिवसातून एकदाच, दीड मिनिट, तिची नाडी हाती लागते. तेवढ्यात एक गोष्ट तपासून होते. चुकली तर पुन्हा उद्या. मी गाडी गॅरेजच्या गल्लीतच सोडून आले. पुढचे तीन दिवस पहाटे सहाला चालत जायचे, मिस्त्रीदा मातीच्या भांड्यातला चहा पुढे करायचे, मातीचा वास चहाला आणि चहाचा धुक्याला. एवढ्या शांतपणे मी कधी डॉक्टरकडेही बसले नव्हते.

पहिल्या सकाळी फ्यूज आणि रिले. मी किल्ली फिरवली, मिस्त्रीदांनी रिलेवर बोट ठेवलं. टक्. "हुकूम सुटतोय," ते म्हणाले, "ऐकणारा झोपलाय." दुसऱ्या सकाळी पंपाची मूळ वायर काढून त्यांनी बॅटरीची वीज थेट त्याला दिली. पंपानं एकदा हुंकार दिला, आजारी माणसाला कूस बदलायला सांगितल्यावर देतो तसा, आणि थांबला. मग त्याची रबरी नळी उपसली, तर तिच्यातून वाटीभर तांबूस पाणी त्यांच्या चपलेवर सांडलं.

मला वाटलं, पूजेच्या आधीच्या पावसात ठनठनियाच्या कोपऱ्यावर गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती, तेव्हाचं. मिस्त्रीदांनी मान हलवली. बाहेरचं पाणी नव्हे, हिचं स्वतःचं. हे मला तोवर माहीत नव्हतं : एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी धावत असताना ते वाफ होऊन निघून जातं. थंडीत नळीच्या तोंडाशी थेंब-थेंब गळताना दिसतं ते तेच. आग पाणी जन्माला घालते हे कुठल्या उपनिषदात असेलही, मला ते मिस्त्रीदांच्या चपलेवर दिसलं.

तिसऱ्या सकाळी त्यांनी पंप आणि इंजिन यांच्या मधला व्हॉल्व्ह सोडवला. त्यांच्या भाषेत 'भाल्भ'. त्याचं काम एवढंच की हवा आत जाऊ द्यायची आणि परत येऊ द्यायची नाही. त्यांनी तो लुंगीला पुसला आणि चक्क तोंडाला लावून फुंकला. हवा गेली. मग उलटा करून फुंकला. तरीही गेली. त्यांनी तो माझ्यापुढे धरला, मी पदरानं पुसून फुंकून पाहिला. जुन्या नाण्याची चव आली. दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं. पंप बिचारा जन्मभर एका दिशेनं हवा फुंकत राहिला आणि उलट दिशेनं गाडीची वाफ हळूहळू त्याच्या अंगावर येत राहिली. तिथे तिचं पाणी होऊन तो आतून गंजला. मेला तो पंप, पण दोषी व्हॉल्व्ह. घाईच्या मेकॅनिकनं नुसता पंप बदलला असता आणि वर्षभरात दुसराही असाच बुडाला असता. मला आमच्या नात्यातली दोन-तीन माणसं आठवली, पण ते राहू दे.

जुन्या सुट्या भागांसाठी कोलकात्यात मल्लिकबाजारला जातात. आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर, पार्क स्ट्रीट जिथे येऊन मिळतो तिथे. दोरीला कांदे लटकावेत तसे हेडलाइट लटकलेले, दारं वेगळी, आरसे वेगळे, आणि प्रत्येक दुकानदार तुमच्या गाडीचं मॉडेल ऐकून क्षणभर डोळे मिटतो, मग पोऱ्याला माळ्यावर पिटाळतो. हा रस्ता पूर्वीचा सर्क्युलर रोड. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरली, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्यानं शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला. मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत, काम तसंच राहिलं. पुढे १७९९ साली त्या मराठा खंदकाचा मोठा भाग बुजवून हा सर्क्युलर रोड आकाराला आला. इथल्या आया अजूनही लेकरांना बर्गी येतील म्हणून निजवतात, आणि बर्गी म्हणजे आपण. मिस्त्रीदा दुकानदाराला म्हणाले, "बर्गी बौदी आहेत, भाव नीट लाव, नाहीतर लुटून नेतील." दुकानदारानं मला अगदी मोकळ्या मनानं लुटलं. पावणेतीनशे वर्षांची फेड म्हणून मी घासाघीस केली नाही. पंप जुना घेतला, तो चालतो. व्हॉल्व्ह मात्र नवाच मागवायचा असं मिस्त्रीदांनी बजावलं. दार जुन्या बाजारातून घ्यायचं नसतं. तो यायला दहा-बारा दिवस लागणार होते.

मधल्या काळात पल्युशनची तारीख आली. गाडी नापास होणार, हे धरूनच मी गेले. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली टपरी, एक संगणक, एक कॅमेरा, एक कंटाळलेला मुलगा. त्यानं इंजिन तापलंय ना विचारलं. तापलेलं हवंच, ती पद्धतच आहे. नळी आत सरकवली. आमची गाडी २०११ ची, भारत स्टेज चारची. त्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन दशलक्षात २०० भाग, आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन हवा-पेट्रोलाचं सापेक्ष गुणोत्तर ०.९७ ते १.०३ च्या आत, एवढी मर्यादा. (देशातल्या ज्या तेरा शहरांत हा टप्पा १ एप्रिल २०१० ला आला, त्यांत कोलकाता होतं आणि आमचं सोलापूरही होतं. माहेर आणि सासर एका यादीत पाहून मला उगाच बरं वाटतं.) गाडी नुसती पास नाही, दिमाखात पास झाली. पिवळा दिवा समोर जळत होता. तो कुणी पाहिला नाही, पाहायचा नसतोच. वर्षभराची मुदत, कागदावर चौकोनी कोड.

मी त्या मुलाला विचारलं, "सकाळी गार असताना कुणी मोजतं का?" त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

मोजतात, पण एकदाच, आणि तेही दुसऱ्याच गाडीचं. पुण्यात शिकत असताना आम्ही वेताळ टेकडीवर फिरायला जायचो, तिथे १९६६ पासूनची एआरएआय आहे. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा प्रयोगशाळेत त्याचा एखादा नमुना निदान सहा तास बंद खोलीत निववतात आणि मग गारठलेल्या इंजिनापासून धूर पिशव्यांत धरतात. यातही गंमत अशी, की युरोपात २००० सालापर्यंत त्या परीक्षेतले पहिले चाळीस सेकंद सोडूनच द्यायचे. इंजिन सुरू करा, चाळीस सेकंद थांबा, मग मोजायला लागा. शहाण्यासुरत्या लोकांनी ठरवलं होतं की सुरुवातीचं धरायचं नाही. नंतर कुणाला तरी वाटलं, धरावं. आणि ते धरायचं ठरल्यावर कितीतरी गाड्यांच्या पोटात ही फुंकणी आली. तेव्हा टेकडीवर जाताना आम्ही त्या इमारतींकडे पाहायचोसुद्धा नाही. भेळ आणि सूर्यास्त.

घरी नवरा म्हणाला, "पास झाली ना? मग?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मिस्त्रीदांनीही आपल्या परीनं सुचवून पाहिलं. "आलोटा निभिये देबो?" दिवा विझवून देऊ का? गाडीच्या मेंदूला सांगायचं की असा पंप तुला नव्हताच कधी. पुष्कळ लोक करून घेतात. पैसे वाचतात, दिवा जातो, गाडी काही बोलत नाही. त्यांनी हे आमिष म्हणून नाही, सेवेचा एक प्रकार म्हणून सांगितलं. देवळात जसा साधा अभिषेक आणि लघुरुद्र असा फलक असतो.

मी नवऱ्याला सांगितलं, समोर माशिमा बसतात, त्यांना त्रास होतो. हे ऐकायला चांगलं आहे आणि खोटंही नाही. पण खरं सांगायचं तर त्या गल्लीत तीन पहाटे बसून मला त्या पंपाबद्दल काहीतरी वाटायला लागलं होतं, आणि मला माझा आवाज परत हवा होता.

व्हॉल्व्ह आला, बसला. मिस्त्रीदांनी जुना पंप मला परत दिला, हाडं पिशवीत घालून द्यावीत तसा. जानेवारीतली सकाळ, धुकं असं की समोरचं घर पेन्सिलीनं काढून अर्धवट पुसल्यासारखं. पिवळा दिवा गेलेला. मी काच खाली केली आणि किल्ली फिरवली.

घूंऽऽ.

वरून माशिमांचा आवाज आला, "की आवाज रे बाबा!"

मी काही बोलले नाही, मनातल्या मनात मोजत होते. वीस. चाळीस. साठ. ब्याऐंशीला तो थांबला. वर गॅलरीत माकडटोपीचा बंद सुटला होता की अजून घट्टच होता, ते धुक्यात दिसलं नाही.